मनगटावरचा वारा

चांदूर बाजारच्या उस्मानभाईला फुगा सोडता येत नाही, हे त्याची पन्नाशी आली तरी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. यायचं तरी कसं? फुगेवाल्याचं सगळं पोटपाणीच मुळी फुगा धरून ठेवण्यावर चालतं. गॅसचा फुगा सुटला की गेला. आभाळ काही तो परत करत नाही. लहान पोराच्या हाती फुगा देताना उस्मानभाई आधी दोऱ्याचा फासा पोराच्या मनगटात अडकवायचा, दोनदा हिसडून पाहायचा, आणि मग कुठं स्वतःची बोटं ढिली करायचा. उरलेल्या फुग्यांचे दोरे त्याच्याच उजव्या मनगटाला वेढे देऊन गुंडाळलेले. त्याची बायको जहाँआरा म्हणायची की झोपेतसुद्धा या माणसाची मूठ उघडत नाही.

त्या मनगटाला मोठा मान होता तो बहिरमच्या जत्रेत. ऐन थंडीत महिनाभर चालणारी ही जत्रा. लोक घरून निघतात देवाच्या नावानं आणि परततात हंडीतलं मटण ओरपून. उस्मानभाईची जागा देवमनच्या चुलीला लागून. देवमन हा जवळच्याच गावचा बौद्ध कास्तकार. चार एकर कोरडवाहू, आणि जत्रेपुरता मातीच्या हंडीत मटण शिजवून विकायचा धंदा. त्याची बायको मैना निखाऱ्यावर कणकेचे जाड रोडगे भाजायची. रोज सकाळी चूल मांडायच्या आधी देवमन हाक द्यायचा, "उस्मान्या, आज धूर कोणीकडं?"

उस्मानभाई मनगट वर करायचा, डोळे मिटून फुग्यांची ओढ जोखायचा आणि सांगायचा, "चुलीचं तोंड मावळतीकडं ठेव. दुपारून वारा फिरन, तवा हंडी अलीकडं घेजो."

वीस वर्षांत देवमनच्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत धूर म्हणून गेला नाही. बाकीच्या चुलींवरचे लोक डोळे चोळत जेवायचे, आणि देवमन मिशीतल्या मिशीत हसत रस्सा वाढायचा.

अशाच एका जत्रेत माधवी तिथं जेवायला बसली. मूळची अमरावतीची, पुण्याला हवामानाच्या संशोधनात नोकरी. ताटातला रोडगा तसाच ठेवून ती उस्मानभाईकडं पाहत राहिली. तो नळकांड्यातून फुग्यात गॅस भरत होता, आणि शेजारी बिडी शिलगावणाऱ्या एका इसमाला त्यानं अशी काही सणसणीत शिवी हासडली की बिडी आणि इसम दोघंही विझले. माधवीला नेमका असाच माणूस हवा होता, गॅस हाताळायला न भिणारा आणि आगीला मात्र जबर भिणारा.

"चाचा, आमचे फुगे माणसाहून मोठे असतात," तिनं सांगितलं. "पावसाळ्यात जहाजावरून सोडतो. खाली यंत्राची डबी बांधलेली असते. वर जाता जाता ती सांगत राहते, कुठल्या उंचीवर वारा किती, कोणत्या दिशेचा. आपल्याकडचा पाऊस समुद्रावरच्या त्या वाऱ्यावर बसून येतो ना. येता का भरायला?"

"अन् फुगा वापस कवा येते?"

"नाही येत. वर जाऊन फुटतो."

उस्मानभाई तिच्या तोंडाकडं बघतच राहिला. सरकार एवढा मोठा फुगा विकत घेतं, गॅस भरतं आणि मुद्दाम सोडून देतं! असलं आक्रीत त्यानं आजवर ऐकलं नव्हतं. केवळ ते डोळ्यांनी बघावं म्हणून तो हो म्हणाला, असं पुढं जहाँआरा सगळ्यांना सांगायची. तिनं त्याला तिथल्या तिथं सुनावलं होतं, "कुएँ में झाँके तो चक्कर आते तुमको, और चले समंदर पे!"

ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. कुणी कास्तकार दोन दिवस दिसला नाही तर लोक आधी त्याच्या विहिरीत डोकावत, मग त्याच्या घरी चौकशी करत. पावसानं तर लागोपाठ फसवलं होतं. सुरुवातीला चार सरी यायच्या, लोक पेरायचे, आणि मग आभाळ असं कोरडं व्हायचं की कोंब जागच्या जागी करपायचे. म्हणून दोन हजार दोन सालच्या जूनमध्ये गावानं पेरलं तरी देवमन थांबला. दुकानातलं बियाणं आदल्या वर्षी उगवलंच नव्हतं, म्हणून मैनानं घरच्या ज्वारीचा आणि तुरीचा टपोरा टपोरा दाणा निवडून, राख चोळून मडक्यांत भरून ठेवला होता. होतं ते एवढंच. ते मातीत जाऊन मेलं, तर दुसरं नव्हतं.

जहाज धरायला उस्मानभाई गोव्याला निघायच्या आधी देवमन त्याच्याकडं आला.

"तू त वाऱ्याच्या घरीच चालला. तितूनच सांग मले, पेरू का थांबू. टीव्हीवाल्याचं मी नाई ऐकत. तुह्या मनगटावर पेरतो."

"अन् मनगट खोटं बोललं त?" मैनानं विचारलं.

"वीस वर्षं धूर आला का डोयात?" देवमन म्हणाला, आणि विषय संपला.

ठरलं असं की बाजाराच्या दिवशी देवमन चौकातल्या खुशालरावांच्या एसटीडी बूथवर येऊन बसेल आणि उस्मानभाई जहाजावरून तिथं फोन करील. फुशारकी कुणाला सुटली आहे? निघताना उस्मानभाईनं छातीवर हात ठेवून शब्द दिला.

जहाजावरचा पहिला दिवस त्यानं समुद्राला जेऊ घालण्यात घालवला. पोटात होतं नव्हतं ते सगळं वाहून झालं, तेव्हा त्याचं डोकं ठिकाणावर आलं. जहाज पूर्ण वेगानं पश्चिमेला निघालं होतं, खोल समुद्रातल्या ठरलेल्या जागी थांबण्यासाठी. वाटेत एक फुगा सोडून यंत्र तपासून घ्यावं, असं माधवीनं ठरवलं. उस्मानभाईनं फुगा भरला तो असा की बघत राहावं. पांढराशुभ्र, त्याच्याहून हातभर उंच, एकही सुरकुती नाही. अकोल्याचा सहदेव डबीचं काम बघायचा; त्यानं डबी बांधली, आणि दोघं डेकच्या मागच्या मोकळ्या अंगाला आले. आडोसा संपला तशी फुग्यानं उसळी घेतली.

"सोडा, चाचा!" माधवी ओरडली.

उस्मानभाईनं फुग्याला हिसका बसताच जे आयुष्यभर केलं तेच केलं. दोऱ्याचे दोन वेढे मनगटाला मारले आणि मूठ आवळली.

"सोडा! अहो सोडा!"

ऐकू येत होतं त्याला. समजतही होतं. पण हात त्याचा राहिलाच नव्हता. फुग्यानं त्या काटकुळ्या माणसाला ओल्या डेकवरून फरफटत कठड्यापर्यंत नेलं, छाती कठड्यावर आपटली, पाय सुटले, आणि खाली पाणी दिसलं, फेसाळलेलं, हिरवंकाळं. मूठ तरीही उघडेना. सहदेवनं मागून त्याच्या कमरेला मिठी मारली आणि खिशातल्या पात्यानं दोरा कापला. फुगा, डबी, सगळं सुसाट मागं गेलं. उस्मानभाई डेकवर बसला. मनगटावर दोऱ्यानं मांसात चर पाडला होता, रक्त कोपरापर्यंत ओघळत होतं. माधवीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बे, मेला असता न तू!" सहदेव धापा टाकत म्हणाला.

उस्मानभाईला मात्र ना दुखण्याची शुद्ध होती, ना मरणाची. तो आपल्या मनगटाकडं डोळे फाडून पाहत होता. असा वारा! असा वारा त्यानं जन्मात झेलला नव्हता. बहिरमच्या टेकडीवरून वावटळ उतरते ती याच्यापुढं फुंकर.

बाजाराच्या दिवशी जहाजावरच्या फोनवर त्याची पाळी आली. पलीकडून आधी खुशालरावांचा आवाज आला. हा गृहस्थ फोनवर असा ओरडायचा की फोन नसता तरी चाललं असतं. मग देवमन आला.

"बोल, उस्मान्या. कसा हाय वारा?"

"देवमन, काय सांगू बाप्पा! मले उचलून समुंदरात फेकत व्हता. मनगट कापलं माहं. इतका वारा हाय इथं, इतका वारा..."

"म्हंजे पेरू?"

उस्मानभाईनं पट्टी बांधलेल्या हाताकडं पाहिलं. "पेर. डोये मिटून पेर."

मागं चौकातले लोक हसत असल्याचा आवाज आला. कुणीतरी म्हणालं, फुगेवाल्याच्या भरवशावर पेरतो का बे? आणि देवमनचं उत्तरही त्याला स्पष्ट ऐकू आलं, "त्याच्या हाताले वारा समजते. तुमाले काय समजते?" फोन ठेवला तेव्हा उस्मानभाईची मान ताठ झाली होती.

जहाज ठरलेल्या जागी पोहोचलं आणि थांबलं. माधवीनं पहिल्या प्रसंगानंतर त्याला फुग्याला हात लावू द्यायचा नाही असं ठरवलं होतं, पण त्याच्यासारखा फुगा दुसऱ्या कुणाला भरता येईना. शेवटी तिनं त्याला सोडायला शिकवलं. "दुआ मागताना हात उघडता ना? तसे उघडायचे, दोन्ही एकदम." उस्मानभाईनं तसे उघडले. फुगा गेला. रिकामे पंजे त्यानं दोनदा उलटेपालटे करून पाहिले, पण फुगा गेला.

आणि गेला तो कसा? सरळ वर. आळसावलेल्या माणसासारखा, इकडंतिकडं रेंगाळत. दुसऱ्या दिवशीचाही तसाच. तिसऱ्या दिवशीही. जहाजावरचा झेंडा काठीला बिलगून पडलेला. माधवी आकडे पाहायची आणि पुन्हा पुन्हा ताडून घ्यायची. जेवताना पुण्याच्या दुसऱ्या साहेबांशी हळू आवाजात बोलायची. न राहवून उस्मानभाईनं एकदा विचारलंच.

"मॅडम, त्या पह्यल्या दिशीचा वारा कुठी गेला?"

"कुठला वारा?"

"हाच की." त्यानं मनगट पुढं केलं. व्रण अजून ओला होता.

माधवीला क्षणभर उमगलंच नाही. मग ती म्हणाली, "चाचा, त्या दिवशीही वारा बेताचाच होता. जुलैत इथं असायला हवा त्याच्या निम्माही नाही. जहाज त्याच्या तोंडावर धावत होतं ना जोरात? फटफटीवर बसल्यावर तोंडावर वारा येतो, तसं. तुम्हाला ओढलं ते बरंचसं आपल्या इंजिनानं."

उस्मानभाई उभ्याचा खाली बसला. फटफटीवर तो शंभरदा बसला होता. चांदूर बाजारहून अमरावतीला जाताना टोपी उडू नये म्हणून डोक्यावर हात धरून बसायचं, हे त्याला काय ठाऊक नव्हतं? पण रस्त्याला बाभळी असतात, खांब असतात, ते मागं पळताना दिसतात आणि आपण पळतो आहोत हे कळतं. इथं चहूकडं पाणीच पाणी. पळालेलं काही दिसलंच नाही. त्याला वाटलं, आपण जागेवर उभे आहोत, बहिरमला असतो तसे.

"मग पाणी?" त्यानं कसंबसं विचारलं. "आपल्याकडचं पाणी?"

"हा वारा असाच राहिला तर लवकर नाही येणार." आणि त्याच्या तोंडाकडं पाहून ती घाबरली. "चाचा, काय झालं? कुणाला काही सांगितलंत का तुम्ही?"

त्यानं सांगितलं. माधवी ताडकन उठली. स्वतःची फोनची पाळी तिनं त्याला दिली, हाताला धरून नेलं. चौकशी करायला हवी होती, सांगायला हवं होतं मी, असं ती वाटेत स्वतःशीच पुटपुटत होती. खुशालरावांनी नेहमीप्रमाणे आरोळी दिली.

"खुशालराव, देवमनले सांगा, पेरू नोको! माही चूक झाली. पेरू नोको म्हणा!"

"देवमन? तो त पेरून मोकया झाला लेका! फोन ठेवला अन् दुसऱ्या दिशी सकायीच पेरलं त्यानं. काहून रे? काय झालं?"

उस्मानभाईच्या हातातला फोन तसाच राहिला. खुशालराव पलीकडून हॅलो हॅलो करत होते. सहदेवनं फोन सोडवून घ्यायला हात घातला, तर मूठ उघडेना.

जहाज परत फिरेपर्यंत उस्मानभाई काम तेवढं करत राहिला. फुगे भरले, सोडले. किनारा लागल्यावर तो गाडीनं अकोल्याला, तिथून एसटीनं गावाकडं निघाला. खिडकीतून शेतं दिसत होती, आणि त्याला खिडकी बंद करावीशी वाटत होती. जुलै सरत आला होता आणि मातीचा रंग उन्हाळ्यातला होता. घरी न जाता तो पिशवीसकट देवमनच्या दारात उभा राहिला. मैना एकटीच होती.

"देवमन कुठी?"

"वावरात. सकायपासून गेले. जेवालेबी आले नाई."

तिच्या सांगण्यात काही वावगं नव्हतं. पण त्या वर्षांत एवढं वाक्य पुरायचं. उस्मानभाईनं पिशवी तिथंच टाकली आणि पळत सुटला. वाटेत विहीर लागली, तिच्यात त्यानं आधी वाकून पाहिलं. मग बांधावरचं कडुनिंबाचं झाड, त्याच्या फांद्यांकडं पाहिलं. मग लांब वावराच्या मध्यावर बसलेला देवमन दिसला, तेव्हा कुठं उस्मानभाईचं पळणं थांबलं. तो उरलेली वाट चालत गेला.

देवमन उकिडवा बसून बोटांनी पेरणीचं तास उकरत होता. एकेक दाणा काढून तळहातावर घेत होता. दाण्यांना मोड फुटून ते तसेच वाळले होते.

"आला का?" त्यानं वर पाहिलं. "हात दाखव."

हीच गोष्ट उस्मानभाईला सोसली नाही. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. देवमननं त्याचं मनगट दोन्ही हातांत धरलं, व्रणावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "एवढं कापलं. वारा त जबरच व्हता. इकडंच आला नाई, त्याले तू काय करशीन?"

गप्प बसता आलं असतं. व्रण साक्षीला होता, मित्र स्वतःहून सोडत होता. पण उस्मानभाईचं तोंड उघडलं ते उघडलं.

"वारा नोयता, देवमन. जहाज पयत व्हतं. त्याच्या धावण्याचा वारा लागला मले. मले समजलंच नाई."

देवमननं मनगट सोडलं. ओळख पटत नसल्यासारखं त्यानं उस्मानभाईकडं पाहिलं.

"म्हंजे," तो सावकाश म्हणाला, "धावत तू व्हता, अन् तुले वाटलं वारा धावून राह्यला?"

"हो."

"एवढं समजत नाई माणसाले?"

देवमन उठला, हातातले दाणे मातीत टाकले आणि निघून गेला. पुढं बऱ्याच दिवसांनी पाणी आलं, देवमननं कुठून कुठून मागून आणून थोडं पेरलं, पोटापुरती ज्वारी झाली. पण उस्मानभाईशी तो बोलला नाही. बाजारात समोरून आला तर रस्ता बदलायचा. उस्मानभाईनं जत्रेला जाऊच नये असं ठरवलं होतं, पण जहाँआरानं गॅसचं नळकांडं स्वतः उचलून दारात ठेवलं. "मुँह छुपाने से रोटी नहीं आती," ती म्हणाली.

त्या साली बहिरमची जत्रा भरली आणि नाही भरली सारखीच. लोकांच्या हाती काही आलंच नव्हतं, मग पोरांना फुगे कोण घेणार? उस्मानभाईची जागा तीच, देवमनच्या चुलीला लागून. देवमन सकाळी यायचा, त्याच्याकडं न बघता चूल मांडायचा. आज धूर कोणीकडं, हे त्यानं एकदाही विचारलं नाही. जे चार गिऱ्हाईक बसायचे ते डोळे चोळत उठायचे. उस्मानभाईला दिसायचं, हंडी हातभर अलीकडं घेतली तरी काम होईल. पण कोणत्या तोंडानं सांगणार?

जत्रा संपत आली तेव्हाची एक दुपार. वारा अगदी पडलेला, पान हलत नव्हतं. देवमन चुलीपासून उठला, उस्मानभाईपुढं येऊन उभा राहिला आणि त्यानं हात पुढं केला.

"एक फुगा दे."

उस्मानभाई गांगरला. त्यानं लाल फुगा निवडला, दोऱ्याचा फासा देवमनच्या मनगटात अडकवला आणि सवयीनं दोनदा हिसडून पाहिला. देवमन जागेवर उभा राहिला. दोरा सरळ आभाळात उभा. फुगा डोक्यावर, शांत. मग देवमननं धोतराचा सोगा खोचला आणि त्या रिकाम्या जत्रेतून, बंद पाळण्यांपुढून, पालांच्या मधल्या रस्त्यानं जीव खाऊन धावत सुटला.

"अवो! बुढ्याले येड लागलं का!" मैना हातातला रोडगा टाकून ओरडली.

फुगा मागं झुकला. दोरा ताणला. देवमनचा हात खांद्यापासून मागं ओढला गेला. तो थांबला, तसा फुगा पुन्हा डोक्यावर आला. परत धावला. परत थांबला. जत्रेतले होते नव्हते ते लोक गोळा होऊन हसत होते, आणि देवमनला त्याची शुद्ध नव्हती. परत आला तेव्हा छाती भात्यासारखी हलत होती आणि डोळे विस्फारलेले होते. त्यानं मनगट उस्मानभाईपुढं धरलं.

"हात वढते बे," तो म्हणाला. "वारा नाई. पान हालत नाई. तरीबी वढते!"

उस्मानभाईनं मान हलवली.

"डोये मिटले असते त मीबी वाराच म्हटला असता." देवमन दम खात थांबला. "मीबी फोन केला असता तुले."

फुगा त्यानं परत दिला नाही. तसाच मनगटाला ठेवून तो चुलीपाशी गेला, थंड झालेली राख बाजूला सारली, लाकडं हातात घेतली. मग पाठमोराच, जसं काही मधलं वर्ष आलंच नव्हतं, तशी त्यानं हाक दिली.

"उस्मान्या, धूर कोणीकडं?"

उस्मानभाईनं उजवा हात वर केला. डोळे मिटले. पण हाकेसरशी त्याचे पाय आपोआप चुलीकडं निघाले होते, त्यामुळं वाऱ्याची ओढ कोणती आणि स्वतःची कोणती, हे त्याला कळेना.

"थांब जरासा," तो म्हणाला. "आधी मले नीट उभा राहू दे."